‘एमबीए एचआर कर ना, तेच तर आहे!’

मानसशास्त्रात एम.ए. झालेली एखादी मुलगी औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणते, तेव्हा नागपुरातल्या कुठल्याही घरी तिला पोळीसोबत सल्लाही वाढला जातो. ‘काऊन डोकं फोडून राहिली त्या संशोधनात? दोन वर्षांत एमबीए एचआर कर ना बाई, तेच तर आहे!’ सल्ला देणारे काका मनाने चांगले असतात. नोकरीची काळजीही खरी असते. पण ‘तेच तर आहे’ हे साफ खोटं आहे, आणि काकांपासून कंपनीच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते असल्यामुळे एकदा नीट उलगडून सांगायला हवं.

रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायची तयारी करणारी पोरं अजनीपासून इतवारीपर्यंत सापडतात. त्यांना ‘सायको’ म्हणजे काय ते विचारा. लेखी परीक्षांचे टप्पे पार केले की संगणकावर अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. स्मरणशक्ती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता, नजरेची चपळाई हे सगळं त्यात तपासतात. प्रत्येक उपचाचणीत किमान 42 टी-गुण लागतात, कुठल्याही प्रवर्गाला सवलत नाही आणि अंतिम गुणवत्ता यादीत या चाचणीचा वाटा 30 टक्के असतो. टी-गुणांची सरासरी 50 धरतात आणि प्रमाण विचलन 10. म्हणजे 42 हा सरासरीच्या थोडा खालचा उंबरठा.

आता काकांना प्रश्न. उंबरठा 42 वरच का, 45 वर का नाही? खोलीचा अंदाज चांगला असलेला माणूस इंजिन खरंच सुरक्षित चालवतो, हे कशावरून? भरतीची जाहिरात काढणं, अर्ज छाननी करणं, नेमणूकपत्र देणं ही मनुष्यबळ विभागाची कामं आहेत, आणि ती महत्त्वाची आहेत. पण चाचणी जे मोजते म्हणते ते खरंच मोजते का, आणि त्या मोजमापाचा पुढच्या कामगिरीशी संबंध आहे का, हे तपासणारी विद्या वेगळी. रेल्वेत त्यासाठी लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्याच संशोधन संस्थेत स्वतंत्र मनोतांत्रिक विभाग आहे.

दुसरं उदाहरण तर नागपूरच्या मातीतलंच. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत मजूर सलग कामावर येत नसत, ही मोठी डोकेदुखी होती. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेतून आलेले. त्यांनी नियमित येणाऱ्यांना बक्षिसं द्यायला सुरुवात केली. पुढे 1886 मध्ये पेन्शन निधी, 1895 मध्ये अपघात भरपाई, 1901 मध्ये भविष्य निर्वाह निधी आला. कायद्याने हे बंधनकारक व्हायच्या कितीतरी आधी. याबद्दल नागपूरकराला अभिमान वाटायलाच हवा. मात्र संशोधक विद्यार्थी इथे अडून बसतो. हजेरी सुधारली असेल तर ती बक्षिसांमुळे, निधीमुळे, की पेरणीचा हंगाम संपून गावाकडचं काम आटोपल्यामुळे? ज्या खात्यात बक्षीस दिलंच नाही तिथली हजेरी किती होती? योजना आखणारा योजना आखून मोकळा होतो. तुलनेसाठी दुसरा गट मागणारा, आकडे जुळवणारा आणि ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ असं सांगून सगळ्यांचा हिरमोड करणारा माणूस म्हणजे औद्योगिक मानसशास्त्रज्ञ.

हे हवेतलं नाही. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन निघत नव्हतं. एकेक मजूर एकेका सुट्या कामाला जुंपलेला होता. त्याऐवजी मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे सोपवल्यावर कार्यक्षमता वाढली, खराब कापड कमी झालं. 1958 साली त्यावर पुस्तक आलं आणि ते जगभर अभ्यासलं गेलं. याच शहरातल्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत मानसशास्त्राचं काम करणाऱ्या कमला चौधरी पुढे आयआयएम अहमदाबादच्या अगदी सुरुवातीच्या प्राध्यापकांपैकी एक झाल्या. म्हणजे व्यवस्थापनाच्या शाळेत मानसशास्त्रवाला पाहुणा नाही, पाया घालणाऱ्यांतला आहे.

‘माणूस समोर बसला की मी पाच मिनिटांत ओळखतो’ असं म्हणणाऱ्या साहेबांसाठी थोडे आकडे. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, अशी मोजपट्टी धरा. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. गप्पांच्या ओघात होणाऱ्या मुलाखतीचा कामगिरीशी संबंध त्यांनी 0.38 काढला, ठरलेले प्रश्न आणि ठरलेली गुणपद्धती असलेल्या मुलाखतीचा 0.51. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा तपासला. नोकरीवर घेतलेल्यांचीच कामगिरी आपल्याला कळते, नाकारलेल्यांची कधीच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आकडे वर सरकवतात, आणि आधीच्या अभ्यासांत ते जरा जास्तच सरकवले गेले, असं त्यांचं म्हणणं. नवा हिशेब आला 0.19 आणि 0.42. साहेबांची ‘पाच मिनिटं’ आणखी खाली गेली. हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याची विद्या तर 1998 च्या आढाव्यातच 0.02 वर होती. तरीही कंपन्या तिला पैसे मोजतात. इथे राग आवरणं कठीण जातं.

आता काकांचं जिथे बरोबर आहे ते मान्य करू. प्राध्यापकाच्या जागा ‘मानसशास्त्र’ या नावाने निघतात, ‘औद्योगिक’ म्हणून वेगळ्या नाहीत. नेट आणि सेटलाही मानसशास्त्राचा एकच पेपर असतो. कारखान्यातल्या ताणावर प्रबंध लिहिणाऱ्यालाही बी.ए.च्या वर्गात बालविकास शिकवावा लागतो. कायम जागा थोड्या, आणि तोवर घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, वर्षानुवर्षं काढणारे किती आहेत हे विदर्भातल्या कॉलेजांना ठाऊक आहे. मार्गदर्शकही हवे तेवढे मिळत नाहीत. 2022 च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. हे सगळं एमबीए करायला सांगणाऱ्याने जरूर मोजावं. मात्र विषयच एक आहे, हे कारण देऊ नये.

उरलेले गैरसमज झटपट. ‘ही तर मनोरुग्णांची डॉक्टर होणार’ : नाही. उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, या शाखेचा तिच्याशी संबंध नाही. ‘आधी एम.फिल. करावं लागतं’ : 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं. ‘शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही’ : त्याच नियमांनी देशपातळीवरची ती सक्ती काढली, आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश तेवढा वाचा. ‘पीएच.डी.शिवाय सहायक प्राध्यापक होता येत नाही’ : जुलै 2023 च्या दुरुस्तीनुसार नेट किंवा सेट ही किमान अट आहे. ‘गणित नको म्हणून मानसशास्त्र’ : या शाखेत संख्याशास्त्राखेरीज एक पाऊलही पुढे पडत नाही. ‘मॅस्लोचा पिरॅमिड’ : गरजांची श्रेणी मॅस्लोची आहे, पिरॅमिड त्याने काढलेला नाही.

‘संशोधन करायचं तर पुण्या-मुंबईला जा’ हा समज मात्र एका ओळीत संपणारा नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालयं नागपुरात आहेत, रेल्वेचे दोन विभाग आहेत, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसी आहेत. तीन पाळ्यांतलं काम आणि मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन, हे अभ्यासायला पुण्याला कशाला जायचं? शिवाय इथे सिद्धान्तालाच हादरे बसतात. ‘संस्थेला माझी काळजी आहे’ अशी विधानं असलेली एक प्रश्नावली रॉबर्ट आयझेनबर्गर यांनी 1986 मध्ये अमेरिकेत तयार केली, आणि ती आजही वापरली जाते. कंत्राटी कामगारापुढे ती ठेवली तर संस्था कोणती धरायची? पगार ठेकेदार देतो, काम कंपनीचा सुपरवायझर सांगतो, आणि गेटवरचा पास तिसऱ्याच्या सहीचा. उत्तर कोणाबद्दल आहे हेच कळलं नाही तर सरासरी काढून काय उपयोग? दोन मालकांच्या कामगाराची निष्ठा मोजायची कशी, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सुटलेला नाही. बुटीबोरीत त्यावर तीन ते सहा वर्षं खर्ची घालता येतात, आणि पीएच.डी.ची किमान व कमाल मुदतही तेवढीच आहे.

या वाटेने जायचं ठरवलं असेल, तर नोंदणीआधी दोन कागद हाती घ्या : मार्गदर्शकाकडे जागा रिकामी असल्याची लेखी खात्री आणि कारखान्याच्या व्यवस्थापनाचं परवानगीपत्र. दुसरा मिळायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.