बंडीतील ओझे व बैलांची मान

भंडारा जिल्ह्यात भारी धानाची मळणी आटोपली की, तुमसरच्या बाजाराकडे निघालेल्या बंडीत एखाददुसरे पोते अधिक चढविण्याचा मोह होतो. असे जादा पोते आसाच्या पुढे पडले की मागे, याकडे सहसा कोणी पाहत नाही.

आसाच्या पुढील ओझ्याचा काही भाग जुवावर, म्हणजेच बैलांच्या मानेवर येतो. मागील ओझे जू वर उचलू पाहते. आसापासून जू ३ मीटर दूर आहे असे धरू. प्रत्येकी ४० किलोंची ५ पोती केवळ ६० सेंटिमीटर पुढे सरकविली, तर जुवावरील भार ४० किलोंनी वाढतो. जणू एक भरलेले पोतेच बैलांच्या मानेवर ठेवले! अशाने खांदे सुजतात. उलट, बंडी मागे जड होऊन उलाळ झाली, तर गळ्याखालील जोते आवळले जाते. चढावर ओझ्याचा तोल आणखी मागे जातो. तणसाचा उंच भारा असल्यास विशेषच.

यास्तव पोती आसाच्या दोन्ही बाजूंस विभागून दोराने घट्ट बांधावीत. नंतर सपाट जागी चाकांना दगड लावावेत, जू दोघांनी धरून मगच बैल सोडावेत. जू आपोआप वर जाऊ नये. मात्र एका माणसास थोड्या जोराने ते उचलता यावे.

ट्रॅक्टरच्या दोनचाकी ट्रॉलीसही हाच नियम लागू आहे. ती पुढे फार जड झाल्यास ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होतात व स्टिअरिंग नीट वळत नाही; मागे जड झाल्यास हुकावरील भार घटून ट्रॅक्टरची मागील चाके चिखलात घसरू लागतात.