तिकडे तेरावं, इकडे बारसं

डिस्कोचा अंत्यविधी चक्क बेसबॉलच्या मैदानावर झाला. 12 जुलै 1979, शिकागो. स्टीव्ह डाल या रेडिओवाल्याची योजना अशी: घरातली नकोशी डिस्को तबकडी घेऊन या आणि 98 सेंटांत सामने बघा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात तबकड्यांनी भरलेली पेटी धडाडधूम उडवली. लोक कठडे ओलांडून मैदानात घुसले, हिरवळीची पार वाट लागली आणि दुसरा सामना यजमान संघ न खेळताच हरला.

ग्रॅमीवाल्यांचं टायमिंग तर आणखी भारी. डिस्कोसाठी वेगळं पारितोषिक 1980 मध्ये काढलं आणि ते ग्लोरिया गेनरच्या 'आय विल सर्व्हाइव्ह'ला गेलं. मी टिकून राहीन, असं म्हणणारं गाणं टिकलं. पारितोषिक मात्र त्या एकाच वर्षात आटोपलं.

आणि आपण? त्याच 1980 मध्ये 'कुर्बानी' आला. बिद्दूची चाल, पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा आवाज. तेराव्याच्या घरून आलेलं बाळ आपण हौसेनं पाळण्यात घातलं! 1982 मध्ये 'डिस्को डान्सर'. त्यात खलनायक गिटारमध्ये वीज सोडतात, नायक जिमीची आई नेमकी त्याच गिटारला हात लावते आणि जाते. मग जिमीला गिटारचीच धास्ती! यातलं 'गोरों की ना कालों की' गायलंय कुणी? कोल्हापूरचे सुरेश वाडकर आणि उषा मंगेशकर. एकाचा गळा 'ओंकार स्वरूपा'चा, दुसरीचा 'जय संतोषी माँ'मधल्या आरतीचा. पण डिस्कोच्या पंगतीला दोघंही अगदी झोकात बसलेत.

आपल्याकडे डिस्कोला कुणी सुरुंग लावला नाही. तो गेला अजीर्णानं. 1986 या एका वर्षात 'डिस्को डान्सर'चे संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या नावावर 33 चित्रपट आणि 180 हून जास्त गाणी! तोच तो ठेका किती पचणार? गंमत म्हणजे 1985 च्या 'ऐतबार'मध्ये खुद्द बप्पीदांनीच सुरेख गझल दिली होती. ती ऐकली की हा माणूस उगाच चमचमत राहिला असं वाटतं. पुढे 'कयामत से कयामत तक' (1988), 'मैंने प्यार किया' (1989), 'आशिकी' (1990) असे प्रेमपट लागोपाठ आले. जरीचे सूट पेटीत गेले; 'आशिकी'च्या पोस्टरवरचं जोडपं एका जाकिटाखाली लपलं.

नवरात्रात मात्र अजून जीव धुगधुगतोय. कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू बाबला यांनी रुजवलेला 'डिस्को दांडिया' हा शब्द मंडळांच्या फलकांवरून काही हटत नाही.

आणि 2022 च्या ऑक्टोबरात 'डिस्को डान्सर'मधलं 'जिमी जिमी' थेट चीनमध्ये उगवलं. टाळेबंदीनं कावलेले लोक रिकामी भांडी कॅमेऱ्यापुढे धरून त्याच चालीवर 'जिए मी, जिए मी' म्हणत होते. अर्थ: तांदूळ उसने द्या! बप्पीदा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले. आपल्या चालीचा हा नवा उद्योग बघायचं त्यांचं राहूनच गेलं.