अर्ध्या शेंगदाण्याची गोष्ट

नाव वाचून हा लेख मेसच्या चटणीवर आहे असं वाटलं असेल. तसं नाही.

दापोडीला आमच्या शेजारी दोन वर्षांची एक चिमुरडी आहे. एकदा तिला मी शेंगदाणे दिले. ती खात खात पळाली आणि जोरात ठसका लागला. आजी डोक्यावर थापटत म्हणाल्या, "वर बघ, वर बघ." थोड्या वेळाने खोकला थांबला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. पण पुढे आठवडाभर ताप, खोकला, छातीत सूं सूं आवाज. एक्स-रे नॉर्मल आला. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "खाताना ठसका लागला होता का?" भूल देऊन दुर्बिणीने अर्धा शेंगदाणा काढला.

खोकला थांबला म्हणजे दाणा निघाला असं नाही, हे मला तेव्हा कळलं. उजव्या फुफ्फुसाकडे जाणारी नळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, म्हणून वस्तू बहुधा तिकडे घसरते. तिथे बसली की खोकला शांत होतो. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही आणि ओलाव्याने फुगतो. श्वास घेताना नळी रुंदावते, हवा आत जाते. सोडताना आकसते, हवा अडकते. म्हणजे चक्क नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! शिवाय फ्लुइड मेकॅनिक्स आठवा: बारीक नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला विरोध १६ पट. लहान मुलांची नळी मुळातच अरुंद.

मग करायचं काय? मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज किंवा श्वासच बंद झाला तर कोणालातरी १०८ ला फोन करायला सांगा आणि लगेच सुरुवात करा. एक वर्षाखालचं बाळ हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर खांद्यांच्या मधोमध ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. मोठ्या मुलाला पाठीत ५ थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असे ५ दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून हेच. बेशुद्ध पडलं तर सीपीआर. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नका, ती आणखी आत जाते. आणि ठसक्यानंतर मूल बरं दिसलं तरी डॉक्टरांना तो ठसका आठवणीने सांगा.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, फुटाणे नकोत, कूट द्या.

आता तुम्ही चघळताय ते पेनचं टोपण बघा. टोकाला भोक आहे ना? टोपण घशात अडकलं तरी थोडी हवा जावी म्हणून ते ठेवतात. त्यासाठी आयएसओ ११५४० हे मानकच आहे. कोण्या इंजिनिअरने एका अनोळखी मुलाचा विचार केला होता. मी शेंगदाणे देताना केला नव्हता.