रावस: आधी नर, मग मादी

आगाशीशेजारच्या अर्नाळ्याच्या कोळ्यांना मिळणारा रावस हॉटेलांत ‘इंडियन सामन’ म्हणून वाढला जातो, पण तो सामनच्या कुळातला नाही. पॅसिफिक सामन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, वासाच्या आधारे जन्मनदीत परततो आणि अंडी घालून मरतो. रावसाची अंडी समुद्रात सुटतात. पिल्लं मात्र खाडीमुखांच्या मचूळ, उथळ पाण्यात येऊन वाढतात.

रावस हातात घेऊन नीट पाहा. डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा दिसेल आणि छातीच्या परांखाली दोऱ्यासारखे चार सुटे तंतू. गढूळ पाण्यात या तंतूंनी चाचपत तो कोळंबी, छोटे मासे शोधतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रावस आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे रावस बेसुमार पकडले तर अंडी घालणाऱ्या माद्याच घटतात आणि लहान पकडले तर पुढच्या माद्या तयारच होत नाहीत. म्हणून जाळ्याच्या आसाचा आकार पिल्लं निसटतील एवढा हवा, वैतरणेसारख्या खाड्या स्वच्छ हव्यात आणि गिऱ्हाइकानं वीतभर रावस विकत घेणं टाळायला हवं.