सुट्टी गुरुवारची, उपासना रविवारची

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर रस्त्यांचा नुसता गुंता आहे. पुणे-लोणावळा लोकलचं छोटं स्टेशन, जुना मुंबई-पुणे रस्ता, त्याच्या डोक्यावरून २०२२ पासून धावणारी मेट्रो, जे. आर. डी. टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल आणि इथूनच भोसरी, मोशीमार्गे चाकणकडे सुटणारा नाशिक महामार्ग. रविवारी सकाळी या गुंत्यातून इस्त्रीचे शर्ट घातलेली, बगलेत बायबल धरलेली कुटुंबं वाट काढताना दिसतात. कुणी लोकलने खडकीला निघालेलं असतं, कुणी रिक्षाने पिंपरीला. काही जण मात्र चार गल्ल्या ओलांडून एखाद्या दुकानावरच्या हॉलचा जिना चढतात. या जिन्यांची संख्या का वाढली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

पुण्यातली जुनी चर्च उभी राहिली ती सैन्यामागून. सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये, पेशव्यांच्या फौजेतल्या पोर्तुगीज आणि गोवेकर कॅथलिकांसाठी क्वार्टर गेटजवळ जागा मिळाली. तिथलं देऊळ आजही ‘सिटी चर्च’ म्हणून ओळखलं जातं. पुढे इंग्रज आले आणि १८२५ मध्ये कॅम्पातलं सेंट मेरीज झालं. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना, देहूरोडला लष्करी डेपो. छावणी तिथे चर्च, असा सरळ हिशेब. खडकी आणि देहूरोड यांच्या मधला पट्टा, म्हणजे दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, हा तेव्हा गावठाणांचा आणि शेतांचा. तिथे चर्च बांधायचं तरी कुणासाठी?

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि हे चित्र पालटलं. मागोमाग टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सव्वासतरा लाखांवर गेली होती. या लोंढ्यात नगर आणि मराठवाड्यातून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबंही होती. राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून किंचित कमी, म्हणजे १०.८ लाख. एवढी थोडी माणसं एवढ्या पसरलेल्या पट्ट्यात विखुरली की एका मोठ्या देवळाने सगळ्यांचं भागत नाही.

गंमत अशी की विखुरलेल्या माणसांपर्यंत पोचायची रीत ही कुटुंबं गावाहून बरोबरच घेऊन आली होती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोचले. त्यांचं ठाणं शहरात असे, पण काम चाले आसपासच्या खेड्यांत. खेड्यात आधी शाळा निघे. आठवडाभर पाढे घोकून घेणारा मास्तर रविवारी त्याच खोलीत उपासना चालवी. खांबाला टेकून मुलं बसत, दारात म्हातारी माणसं. घराघरांत वाचून दाखवायला ‘बायबल बाई’ फिरे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगर-राहुरीच्या मुलखात काम केलं आणि ख्रिस्ती कीर्तनाची वाट रुळवली. कीर्तनाला ना शिखर लागतं ना घंटा. टाळ आणि झांजा असल्या की पारावरही भागतं.

मेथडिस्ट पंथाच्या प्रचारकांनी हेच शहरात केलं. विल्यम टेलर हा अमेरिकन प्रचारक १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला आणि लोकांच्या घरीच छोटे गट जमवत गेला.  

अमेरिकेत अलीकडे ‘एक चर्च, अनेक ठिकाणं’ या कल्पनेचा मोठा गाजावाजा आहे. ओक्लाहोमातल्या लाइफ चर्चसारख्या संस्था एकाच पाळकाचं प्रवचन पडद्यावरून अनेक शहरांत दाखवतात. सोलच्या योइदो चर्चने घरोघरच्या छोट्या गटांवर जगातली एक अतिप्रचंड मंडळी उभी केली. नगरकडच्या मास्तरांना यातलं दुसरं लगेच कळलं असतं. पहिल्याबद्दल शंका आहे. मूल तापाने फणफणलं असताना रात्री अकराला फोन करायचा तो पडद्याला करता येत नाही.

कासारवाडी ते चाकण या वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात खरी अडचण अंतराची नाही, वेळेची आहे. भोसरी-पिंपरीतल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते; विजेचा भार वेगवेगळ्या दिवसांवर वाटून देण्यातून ही पद्धत रुजली. देवाचा दिवस रविवार, कंपनीचा गुरुवार. त्यात तीन पाळ्या. फर्स्ट शिफ्टवाल्याला सकाळी जमत नाही, रात्रपाळी करून आलेला प्रवचनात पेंगतो. म्हणून रविवारी एकाच ठिकाणी दोनदा उपासना, आणि आठवड्यात संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. कारखाने सरकले तशी माणसंही सरकली: बजाजने १९९९ मध्ये चाकणला कारखाना काढला आणि २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, कासारवाडीच्या फोर्ब्स मार्शलचाही चाकणला कारखाना झाला. नव्या भाडेकरूंच्या चाळीत पहिली प्रार्थना होते ती कुणाच्या तरी गॅलरीत.

भाषेचा पेच वेगळाच. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथीय मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐनवेळी बाहेर राहिले. कागदावर एकी झाली, पण कारखान्याच्या गावात मराठी, मलयाळी, तमिळ, हिंदी असे कितीतरी कळप. मलयाळी सीरियन परंपरेचा पसारा तर इतका वाढला की सीरो-मलंकारा कॅथलिकांनी २०१५ मध्ये खडकीच्या नावाने स्वतंत्र धर्मप्रांतिक रचना केली आणि २०१९ मध्ये तिला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. लॅटिन कॅथलिकांचा पुणे धर्मप्रांत १८८६ चा. त्यातून १९८७ मध्ये नाशिक वेगळा निघाला, २००५ मध्ये सिंधुदुर्ग. घर वाढलं की चुली वेगळ्या होतात, तसंच हे.

त्या जिन्यावरचा हॉल साधारण असा असतो. एरवी तिथे कोचिंग क्लास. फळ्यावर शनिवारचं अर्धवट पुसलेलं समीकरण, त्याच्याच कोपऱ्यात खडूने लिहिलेले गीतांचे क्रमांक. दाराशी चपलांचा ढीग. ढोलकीवर एखादा वेल्डर, पेटीवर शाळेतल्या बाई. दान गोळा करायला मखमली पिशवी. जागेचा करार अकरा महिन्यांचा. मालकाने भाडं वाढवलं की मंडळी पेटी, ढोलकी आणि पिशवी उचलून दुसरा जिना शोधते. यात वाईट वाटण्यासारखं फार नाही. गावाकडची शाळेची खोलीही काही त्यांच्या मालकीची नव्हती.

अडतं ते दफनाशी. उपासनेला अकरा महिन्यांची जागा चालते, दफनभूमीला नाही. हॉल वाढले त्या वेगाने दफनाच्या जागा वाढत नाहीत, आणि गावात आजोबांची कबर असली की ओढ तिकडेच. सप्टेंबरात नगरकडच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जाणारी, नाताळला गावी जाणारी ही माणसं शेवटच्या प्रवासालाही पुष्कळदा तीच वाट धरतात. शनिवारी रात्री ॲम्ब्युलन्स नाशिक फाट्यावरून निघते, मागे दोन जीपगाड्या. दुसऱ्या दिवशी वरच्या हॉलमधली उपासना तासभर उशिरा सुरू होते, कारण ढोलकीवाला अजून राहुरीहून परतलेला नसतो.