घोरपडे (आडनाव)
घोरपडे : महाराष्ट्र व कर्नाटक या प्रदेशांत आढळणारे एक मराठी आडनाव. ते घोरपड या सरपटणाऱ्या प्राण्याच्या नावावरून आले आहे. कोल्हा, लांडगा यांची कोल्हे, लांडगे ही आदरार्थी अनेकवचनी रूपे आडनावे म्हणून रूढ झाली. ‘घोरपड’ हा शब्द मात्र स्त्रीलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘घोरपडी’ होते. आडनावात ‘डुकरे’प्रमाणे एकारान्त रूप आले आहे.

या नावाच्या उत्पत्तीविषयी मुधोळ घराण्याची परंपरा अशी : महमूद गावानच्या कोकण मोहिमेत (१४६९–७२) भोसले कुळातील कर्णसिंह याने घोरपडींना दोर बांधून खेळणा (विशाळगड) किल्ल्याचा कडा सर केला. तो लढाईत पडल्यावर त्याचा मुलगा भीमसिंह यास बहमनी सुलतानाने ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब व मुधोळची जहागीर दिली. कर्णसिंहाचा भाऊ शुभकृष्ण याच्यापासून वेरूळचे भोसले घराणे निघाले, असे हीच परंपरा सांगते. तिचा आधार असलेल्या मुधोळच्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. घोरपडीच्या नख्यांची पकड घट्ट असते हे खरे. परंतु तिने माणसाचा भार पेलणे संभवनीय वाटत नाही. तानाजी मालुसरे यांच्या सिंहगडावरील चढाईविषयीही (१६७०) अशीच कथा प्रचलित आहे. त्यामुळे या कथेस इतिहासापेक्षा कुलपरंपरा मानणे युक्त होय.

परंपरेतील या भाऊबंदकीने वैर टळले नाही. मुधोळच्या बाजी घोरपडे याने १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद केले. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत तो मारला गेला. दुसऱ्या शाखेतील संताजी घोरपडे हे राजारामाच्या काळात सेनापती होते. त्यांचे वंशज कापशी येथे स्थिरावले. सैनिकी कामगिरी व जहागिरी यांबरोबर हे आडनाव गजेंद्रगड, गुत्ती व संडूरपर्यंत पसरले. गुत्तीचा मुरारराव १७७६ मध्ये हैदर अलीच्या हाती सापडला. मुधोळ व संडूर ही संस्थाने अनुक्रमे १९४८ व १९४९ मध्ये विलीन झाली.

हे आडनाव केवळ वंशपरंपरेने पसरले नाही. इचलकरंजी जहागिरीचा मूळ पुरुष नारो महादेव जोशी हा कोकणस्थ ब्राह्मण होता. कापशीकर घोरपड्यांच्या आश्रयाने उदयास आल्यामुळे त्याने कृतज्ञतेने त्यांचे आडनाव स्वीकारले. म्हणून केवळ आडनावाच्या साम्यावरून रक्तसंबंधाचे अनुमान करता येत नाही.