डॉबरमनचं हृदय का थकतं?

आज जरा घरचंच सांगतो. आमचा रॉकी, सहा वर्षांचा डॉबरमन, गेल्या पावसाळ्यात जिन्यावर मध्येच कोसळला. मिनिटभरात उठला, शेपटी हलवली. मला वाटलं, पाय घसरला. पण ती भोवळ होती.

निदान झालं डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे डीसीएम. यात हृदयाचा स्नायू दुबळा होतो, कप्पे ताणून मोठे होतात, पंपाचा जोर कमी पडतो. रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी साठतं. डॉबरमनमध्ये ठोकेही बिघडतात, त्यामुळे काही कुत्री कसलंच लक्षण न दाखवता अचानक जातात.

कारण? डॉबरमन, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड अशा जातींत मुख्यतः आनुवंशिक. कॉकर स्पॅनियलमध्ये टॉरिन कमी पडल्यानेही होऊ शकतं. तिथे ते दिल्यावर हृदय सुधारू शकतं. २०१८मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ग्रेन-फ्री, वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या डॉग फूडबद्दल सावध केलं होतं. थेट संबंध सिद्ध झालेला नाही. तरी पाकिटावर 'ग्रेन-फ्री' छापलंय म्हणून जास्त पैसे मोजणं मला काही पटत नाही.

नुसता स्टेथोस्कोप पुरत नाही, बरं का. इको लागतो, आणि २४ तासांचं होल्टर. इको नॉर्मल असूनही होल्टरमध्ये गडबड सापडू शकते.

औषधांत पहिलं नाव पिमोबेंडन. ते स्नायूचा जोर वाढवतं, रक्तवाहिन्या सैल करतं. उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर द्यायचं. २०१२च्या एका अभ्यासात, इकोत बदल दिसत होते पण लक्षणं नव्हती अशा डॉबरमनना ते दिलं, तेव्हा हृदय निकामी होणं किंवा अचानक मृत्यू साधारण नऊ महिन्यांनी लांबला. नऊ महिने! आणि मी भोवळ येईपर्यंत थांबलो. पाणी साठलं तर फ्युरोसेमाइड, ठोक्यांसाठी वेगळी गोळी. आजार पूर्ण बरा होत नाही. डोस मात्र डॉक्टरच ठरवणार, घरातल्या आजोबांच्या गोळ्या अजिबात देऊ नका.

घरी एक काम करता येतं. कुत्रा गाढ झोपला की मोबाईलवर टायमर लावून ३० सेकंद श्वास मोजा, दुप्पट करा. आकडा सतत ३०च्या वर राहिला तर डॉक्टरांना लगेच फोन.

रॉकीचा सख्खा भाऊ नाशिकला आहे. दिसायला ठणठणीत. त्याच्या मालकाला मी तीनदा फोन केला, शेवटी परवा त्याने होल्टर लावलं. रिपोर्ट यायचाय.

रॉकीचा कालचा आकडा २२.